परत जाण्याची खात्री

राजकुमारी मौसी गेल्याचं मला आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलं. मी अॅमस्टरडॅमच्या ऑफिसात होते, मीटिंग नुकतीच संपली होती. मीटिंग चालू असताना त्यांच्या मुलाचे, महेंद्रचे, फोन येऊन गेले होते, आणि त्या मिस्ड कॉलच्या वर हा डच भाषेतला मेसेज येऊन बसला होता. ‘तिसऱ्या मजल्यावरच्या सुरिनामी बाई आज सकाळी वारल्या. दुपारी गाडी येईल, तरी लिफ्टसमोर सायकली लावू नयेत.’ खाली अंगठ्यांची रांग. कुणी विचारलं होतं, गाडी नक्की किती वाजता. मी तिथेच, कॉफीच्या मशीनपाशी उभी राहून, लिहायला लागले आणि खोडत राहिले. या बाईंनी या इमारतीतल्या निम्म्या पोरांना पोहायला शिकवलं होतं. ज्यांनी अंगठे दाखवले त्यांच्यातल्या दोघांच्या मुलांना तर नक्कीच. त्यांना नाव होतं. शेवटी तेवढंच लिहिलं, ‘त्यांचं नाव राजकुमारी.’ त्यावर कुणी काही बोललं नाही... सायकली मात्र हलवल्या असाव्यात, कारण मी ट्रेननं आल्मेरेला पोचले तेव्हा लिफ्टसमोरची जागा स्वच्छ रिकामी होती.

नाव होतं म्हणते, पण ते नाव मलाही पहिल्यांदा वाचता आलं नव्हतं. डच माणसं ‘उ’ लिहायला ‘ओ’ आणि ‘ई’ अशी दोन अक्षरं वापरतात, ‘ज’च्या आधी ‘ड’ लावतात. त्या वळणानं राजकुमारी लिहिलं की आपल्या डोळ्यांना ते पोलंडकडचं आडनाव वाटतं. आम्ही २०११ साली पुण्याहून इथे आलो. नवऱ्याची नोकरी, मग माझी, आणि पाच वर्षांची सई. आल्मेरेत घर घेतलं, कारण अॅमस्टरडॅमच्या भाड्यात इथे दोन खोल्या जास्त मिळतात. पत्रपेटीवरचं ते नाव मी वर्षभर पाहत होते आणि ती बाई कोण याची मला कल्पना नव्हती. ती कळली तरणतलावावर.

इथे प्रत्येक पोराला पोहायला शिकवतात, आणि तेही अंगावर कपडे-बूट घालून. कारण हे गाव मुळात समुद्र उपसून काढलेल्या जमिनीवर उभं आहे, दर दोन गल्ल्यांआड पाणी, आणि पोर पाण्यात पडतं तेव्हा पोहायचा पोशाख घालून पडत नाही. सई जीन्स आणि बूट घालून काठावर उभी होती आणि हंबरडा फोडत होती. मी बाकावरून उठून तिच्याकडे निघाले. पाण्यातून एक ठेंगणी, सावळी, पांढरे केस अगदी बारीक कापलेली बाई वर आली, गळ्यात शिट्टी. डचमध्ये म्हणाली, “आईनं काठापासून मागे व्हायचं.” आणि मग आवाज खाली आणून, “बिटिया रोएगी, डूबेगी नहीं. तुम बैठो.” मी बसले. क्लास संपल्यावर मी कौतुकानं विचारलं, तुम्ही इतकी छान हिंदी कुठे शिकलात? त्यांनी टॉवेलनं कान पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. “तू कुठे शिकलीस?” मी म्हटलं, शाळेत. “मी आईकडून. मग हा प्रश्न मी विचारायला हवा.”

मौसींशी मैत्री झाली असं मी म्हणते, त्या कधी म्हणाल्या नसत्या. माणसाला जवळ करायची त्यांची पद्धत भांडणाची होती. सईला त्या नात मानत, मला मात्र ‘नये इंडियन’ म्हणत, आणि त्यात कौतुकाचा लवलेश नसे. आम्ही विमानात बसून येतो, कंपनी घर शोधून देते, विशेष कौशल्याचा परवाना हातात येतो, दोन वर्षांत आम्ही चीज आणि हवामान यांच्यावर जोक करायला लागतो... त्यांना आमचा राग होता आणि त्यांनी तो कधी लपवला नाही. तरी दर शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात मी जाऊन बसत असे. त्या चण्याच्या डाळीचं सारण भरलेली रोटी करत आणि बोलत. हिंदी म्हणावी तर भोजपुरी, आणि मधूनच एक अख्खं वाक्य डच. त्यांचे पणजोबा गोरखपूरकडून मजुरीच्या करारावर सुरिनामला नेलेले. मौसींचा जन्म तिथला, निकेरीच्या भातशेतीतला. तेव्हा सुरिनाम डचांचं होतं, म्हणजे मौसी जन्मानंच डच. शाळेत त्यांनी हॉलंडमधल्या नद्या पाठ केल्या. घराशेजारून वाहणाऱ्या नदीचं नाव भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं. घरची भाषा वर्गात बोललं की हातावर पट्टी बसे. “त्यांनी मला डच करायला इतकं मारलं,” त्या म्हणत, “आणि मी खरोखरच डच होऊन यांच्या दारात उभी राहिले तेव्हा म्हणाले, ही कोण?”

१९७५ साली सुरिनाम स्वतंत्र व्हायच्या काही महिने आधी मौसी नवऱ्याबरोबर विमानात बसल्या. बावीस वर्षांच्या होत्या. धाकटी बहीण दुलारी सतराची, ती आईपाशी थांबली, कारण आई घर सोडायला तयार नव्हती. आईचं मन वळव आणि तिला घेऊनच ये, असं ठरलं होतं. मग झेंडा बदलला. ज्या दिवशी जो जिथे होता त्याप्रमाणे त्याचं नागरिकत्व ठरलं, आणि एका खाटेवर झोपणाऱ्या दोन बहिणींपैकी एक डच राहिली, एक परदेशी झाली. पुढची पाच वर्षं ये-जा खुली होती. पण आईला अर्धांगाचा झटका आला, अंथरुणातून उठणं संपलं, आणि दुलारी निघाली नाही. पाच वर्षांनी दार बंद झालं. त्यानंतर व्हिसा.

इकडे मौसींना सरकारनं एका खेड्यातल्या जुन्या बोर्डिंग हाउसमध्ये ठेवलं. सुरिनामहून आलेल्यांना एकत्र राहू द्यायचं नाही, गावोगाव विखरून टाकायचं, असं धोरण होतं. मालकीणबाई आंघोळीच्या पाण्यावर नजर ठेवून असे. नवरा गोदामात लागला, मौसींनी पोहायला शिकवायचं प्रशिक्षण घेतलं, कारण निकेरीच्या कालव्यात त्या माशासारख्या वाढल्या होत्या. पहिल्या वर्षी एका बाईनं आपला मुलगा त्यांच्या गटातून काढून दुसऱ्या गटात टाकला. कारण विचारलं तर म्हणाली, काही नाही, वेळ जमत नाही. दोन्ही गटांची वेळ एकच होती. हे सांगताना मौसी रोटी लाटत होत्या आणि लाटणं जरा जास्तच दाबून चालत होतं. जुन्या गोष्टी आहेत असं मला तेव्हा वाटलं. पण पुढे एकदा मी स्वतः त्यांच्याबरोबर सुपरमार्केटमध्ये असताना, दूध कुठलं घ्यावं यावर आमचा वाद चालला होता, तर मागून एक वयस्कर गृहस्थ शांतपणे म्हणाले की तुमच्या भाषेत बोलायचं असेल तर तुमच्या देशात जा. मौसी वळल्या. त्यांचं डच त्या माणसाच्या डचपेक्षा नेटकं होतं. “मी जन्मले तेव्हापासून डच आहे. तुम्हाला आमच्याकडे कुणी बोलावलं होतं का?” तो माणूस पुटपुटत निघून गेला. मी घामेघूम झाले होते. मौसींनी दुधाची दोन्ही खोकी उचलली.

आपलीही माणसं काही मागे नव्हती. एका वर्षी मी त्यांना मराठी मंडळाच्या गणपतीला घेऊन गेले. पुण्याचेच एक गृहस्थ, बँकेत सॉफ्टवेअरचं काम करणारे, त्यांच्या हिंदीवर खूश झाले. म्हणाले, अगदी जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमातली हिंदी. मग थोडं पुढे झुकून, “पण तुम्ही लोक मूळचे कोण? म्हणजे... समाज कुठला?” मौसी म्हणाल्या, जहाजात जो चढला तो समाज. गृहस्थांना तेवढ्यावर थांबता आलं नाही. “हां, म्हणजे मजूर म्हणून नेलं होतं तुम्हाला.” मौसींनी मोदकाचा घास संपवला. “हो. पाच वर्षांच्या करारावर. तुझा परवाना किती वर्षांचा आहे?” तो पाचच वर्षांचा होता, आम्हा सगळ्यांचाच असतो. त्यानंतर त्या कधी गणपतीला आल्या नाहीत आणि त्यांना पुन्हा बोलवा असंही मला कुणी म्हटलं नाही.

मौसी अधूनमधून सुरिनामला जाऊन येत. जन्मगावी जायला टुरिस्ट कार्ड काढावं लागतं म्हणून तिकडच्या सरकारलाही शिव्या देत. आई गेली तेव्हा त्या पोचू शकल्या नव्हत्या, पण दुलारीला भेटायला जात. मग २०१५च्या सुमारास त्यांची मूत्रपिंडं गेली. तलावावरचं काम सुटलं, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि इतक्या लांबचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला. आता दुलारीनंच यायचं होतं, आयुष्यात पहिल्यांदा. तिनं पारामारिबोला जाऊन व्हिसासाठी अर्ज केला. नकार आला. कारण एका ओळीचं होतं, की अर्जदार मुदतीनंतर मायदेशी परत जाईल याची पुरेशी खात्री वाटत नाही. दुसऱ्यांदा केला, महेंद्रनं हमी दिली, तो ब्रेडाला एका मालवाहतूक कंपनीत मॅनेजर आहे. तीच ओळ पुन्हा.

त्याच उन्हाळ्यात माझी आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली. तिचा व्हिसा दोन आठवड्यांत झाला होता. माझ्या कंपनीचं नाव, नवऱ्याच्या कंपनीचं नाव, झालं. मौसींनी आईला जेवायला बोलावलं, रोटी, बटाट्याची भाजी, आंब्याचं लोणचं, सगळं साग्रसंगीत. दोघी एकमेकींना ‘बहेनजी’ म्हणत होत्या. जेवण झाल्यावर मौसी मला हात धुवायच्या निमित्तानं आत घेऊन गेल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “तू इथली पाहुणी. तुझी आई येते. मी इथली नागरिक, माझी बहीण येत नाही. मला तुझा राग येतो, हे तुला माहीत असावं.” त्या परत बाहेर गेल्या आणि आईच्या पानात आणखी एक रोटी वाढली.

मौसींनी नकाराविरुद्ध दाद मागितली. सुनावणीला महेंद्र यायला तयार नव्हता. तो वाईट मुलगा नाही, पण तो इथे जन्मला, गप्प राहून पुढे सरकायचं त्याला जमलं आहे. “मा, सोड ना,” तो म्हणे. मौसी म्हणत, याला रांगेत कुणी ढकललं तर हाच सॉरी म्हणतो. मग मी रजा टाकून गेले. हेगमधली एक उजेडाची खोली, गुळगुळीत टेबल, समोर तिशीतला एक अधिकारी, सभ्य, हसरा. पहिलं वाक्य बोलला, “बाई, तुमचं डच फार छान आहे.” मौसी म्हणाल्या, “तुमचंही.” त्याला ते कळलं नाही. त्यानं प्रश्न सुरू केले. बहिणीचं लग्न झालंय? नाही. मुलंबाळं? नाही. नोकरी? आईच्या आजारपणात सोडली. तो मान डोलवत लिहीत होता. मग म्हणाला, “म्हणजे कागदावर पाहिलं तर, परत जावं असं त्यांना तिथे बांधून ठेवणारं काहीच नाही.”

मौसींनी दोन्ही तळहात टेबलावर ठेवले. डायलिसिसच्या सुयांनी त्यांचा डावा हात गाठी-गाठींचा झाला होता. “तिनं लग्न केलं नाही, कारण आई अंथरुणावर होती. आई अंथरुणावर होती म्हणून ती इथे आली नाही. पाच वर्षं तुमचं दार सताड उघडं होतं, तेव्हा ती आली नाही. आणि आता तुम्ही मला सांगता की ती आली तर जाणार नाही.” हे सगळं मी नोंदवून घेतो, अधिकारी म्हणाला. मग जरा मऊ आवाजात, बहिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलता येत नाही का? हल्ली चित्र चांगलं दिसतं. मौसींनी विचारलं, “तुमची आई कुठे असते?” “हार्लेमला.” “तिला भेटायला जाता?” “जातो की, रविवारी.” “का? तिच्याकडे फोन नाही?” त्याचे कान लाल झाले. त्यानं आम्हाला कॉफी विचारली. परतीच्या ट्रेनमध्ये मौसी खिडकीला डोकं टेकून झोपल्या आणि मी त्यांच्या शेजारी बसून मनातल्या मनात त्या हसऱ्या माणसाशी आल्मेरेपर्यंत भांडत राहिले. तो वाईट वागला असता तर बरं झालं असतं. तो नीट वागला.

निकाल यायला कित्येक महिने गेले. तीच ओळ, फक्त तिच्याभोवती चार पानं. मौसींनी ती वाचली, घडी घातली, आणि डायलिसिसला गेल्या. त्यानंतर त्या खचल्या असं लोक म्हणतील, मी म्हणणार नाही. निवडणूक आली, तेव्हा मला घेऊन वॉकर ढकलत, वाऱ्यापावसात, मतदानाला गेल्या. आमची शेवटची नीट भेट झाली तेव्हा त्यांनी विचारलं, तू डच पासपोर्ट घेतलास का? घेता आला असता, पण भारताचा सोडावा लागतो, आमचं ठरत नव्हतं. म्हटलं, अजून नाही. “घेऊन टाक,” त्या म्हणाल्या. “पाहुण्याला भांडता येत नाही.” मी म्हटलं, मौसी, तुम्हाला भांडून काय मिळालं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की सई लहानपणी पाण्यात का गप्प बसायची ते मला कळलं. “भांडले म्हणून त्याला आपल्या आईची आठवण करावी लागली,” त्या म्हणाल्या. “तेवढं तरी.” त्यानंतर दहाएक दिवसांनी, डायलिसिसच्या आदल्या सकाळी, खुर्चीतच त्यांचं हृदय थांबलं.

आणि मग जे झालं ते मी कितीही वेळा आठवलं तरी माझा राग उतरत नाही. महेंद्रनं आईच्या मृत्यूचा दाखला पाठवला, आणि दुलारीला दोन दिवसांत व्हिसा मिळाला. जिवंत बहिणीला भेटायला येणारी बाई परत जाईल की नाही, याची त्यांना इतकी वर्षं खात्री वाटत नव्हती. मेलेल्या बहिणीसाठी लगेच वाटली. विमानतळावर मी आणि महेंद्र गेलो होतो. साठीची, मौसींहून बारीक, पांढरी लांब वेणी, सुती फ्रॉकवर ओढणी, आणि वर महेंद्रनं नेलेला जाड कोट. ती मला पाया पडू देईना. स्मशानगृहात आम्हाला पाऊण तासाची वेळ मिळाली होती, पंडितजींनी मंत्र भराभर म्हटले, पुढचं कुटुंब बाहेर ओव्हरकोट घालून उभं होतं. दुलारी रडली नाही. गाडीत बसल्यावर थंडीनं ओढणी कानांवर घेत फक्त एवढंच म्हणाली, “इतने जाड़े में रहती रही.”

घरी आल्यावर महेंद्रनं स्वयंपाकघराच्या पलीकडची लहान खोली उघडली. इतकी वर्षं मी त्या घरात जात होते आणि ती खोली बंदच असे, मला वाटायचं अडगळ असेल. आत मोठा पलंग, स्वच्छ चादर, दोन उशा, उशाशी दिवा, आणि पायथ्याशी लोकरीचे मोजे, त्यावरची दुकानाची चिठ्ठी अजून तशीच. महेंद्र म्हणाला, “ही दुलारी मौसीची खोली. मी लहान होतो तेव्हापासून आहे. घरं बदलली, तरी एक खोली हिची. मी ब्रेडाहून आलो की बाहेर सोफ्यावर झोपतो.” दुलारीनं दारातून बराच वेळ पाहिलं. मग मोजे उचलले आणि तिथेच उभ्या उभ्या पायात घातले.

व्हिसाची मुदत संपायला बरेच दिवस होते. चौथ्या दिवशी तिनं महेंद्रला तिकीट अलीकडचं करायला सांगितलं. तो म्हणाला, मौसी, राहा की, दिवस शिल्लक आहेत. मीही म्हटलं, अस्थी विसर्जन होईपर्यंत तरी. दुलारी मान हलवत राहिली. तिचा आवाज मौसींसारखा नव्हता, फार मवाळ होता. “ना बेटा. जितना दिया है, उतना भी नहीं चाहिए.” निरोप देताना, तपासणीच्या रांगेत शिरण्याआधी, तिनं माझा हात धरला. “तू यहाँ की बोली लिखना जानती है न? लिख देना उनको. दुलारी लौट गई.” मी लिहिलं. माझ्या उत्तमातल्या उत्तम डचमध्ये, त्या कार्यालयाच्या पत्त्यावर, निकालाचा क्रमांक घालून. ताबडतोब उत्तर आलं, आपला संदेश मिळाला, या पत्त्यावर उत्तरं दिली जात नाहीत.

घराचा ताबा परत द्यायचा होता. महेंद्रला सुट्टी नव्हती, म्हणून घरमालक कंपनीचा माणूस भिंती मोजायला आला तेव्हा दार मी उघडून दिलं. तो हातात यंत्र घेऊन खोल्याखोल्यांतून लाल ठिपका फिरवत होता. मी त्या लहान खोलीत उभी राहिले. दुलारीनं जाताना पलंग आवरला नव्हता. ती भिंतीकडच्या बाजूला, अगदी कडेला झोपली होती, तेवढ्याच भागात चादर चुरगळलेली आणि तेवढीच उशी दबलेली. दाराकडची अर्धी बाजू मात्र कुणी हातही न लावल्यासारखी, पहिल्यासारखी ताठ. मौसींनी एकदा सांगितलं होतं, लहानपणी एका खाटेवर झोपायच्या तेव्हा बाहेरची बाजू त्यांची असे, धाकटी पडू नये म्हणून. माणूस दारात येऊन म्हणाला, ही खोली रिकामी आहे ना? मी म्हटलं, नाही, आणि तो दुसरीकडे वळेपर्यंत तिथेच थांबले.